फुकटची उमेदवारी

परवा रात्री अकरा वाजता एका ज्युनिअरचा मेसेज आला. आमच्याच गावाकडचा, आमच्याच कॉलेजात. "दादा, कॉलेजला इंटर्नशिपचं सर्टिफिकेट द्यावंच लागतंय. २,९९९ भरून दोन महिन्यांची ऑनलाइन मिळतेय. घेऊ का?" सोबत जाहिरातीचा फोटो. निळी पाटी, लॅपटॉपसमोर हसणारी मुलं आणि खाली 'जागा मर्यादित'. मी फोन उलटा ठेवला आणि झोपायचा प्रयत्न केला. झोप काही आली नाही. कारण २०२४ च्या जानेवारीत अशीच एक जाहिरात मी सात जणांना पाठवली होती, आणि डोक्यामागे दोनशे रुपये घेतले होते.

ते सांगायचंच आहे, पण आधी मागचं थोडं.

२०२३ च्या जूनमध्ये माझं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष संपलं. तेव्हापासून पुढच्या मेपर्यंतच्या वर्षात मी दोन इंटर्नशिपा केल्या, एक पार्टटाइम नोकरी केली, आणि 'मेंटर' नावाचा एक हुद्दाही मिरवला. कागदावर बघाल तर भरगच्च वर्ष! बाबा अजूनही पाहुण्यांना सांगतात, "पोरगा पुण्यात एका वेळी तीन-तीन ठिकाणी काम करत होता." मी गप्प बसतो.

पहिली इंटर्नशिप विकतची होती. पैसे भरल्यावर दहा मिनिटांत ऑफर लेटर आलं (एवढ्या तत्परतेने मला त्यानंतर कुणीही नोकरी दिलेली नाही). दोन महिन्यांत चार कामं: कॅल्क्युलेटर, कामांची यादी ठेवणारं अ‍ॅप, फुलीगोळ्याचा खेळ आणि स्वतःची ओळख सांगणारं एक वेबपेज. केलं की गिटहबवर टाकायचं, त्याचा व्हिडिओ लिंक्डइनवर चढवायचा, आणि त्यात कंपनीचं नाव घालायचं. म्हणजे पैसे आम्हीच भरायचे आणि जाहिरातही आम्हीच करायची. माझा कॅल्क्युलेटर शून्याने भागाकार केला की कोलमडायचा. दोन महिने तो तसाच होता. कुणी उघडूनच बघितला नाही हो! प्रमाणपत्रावर मात्र 'उत्कृष्ट कामगिरी' असं छापून आलं, कोपऱ्यात क्यूआर कोडसकट.

दुसरी फुकटची होती, म्हणजे तुलनेने प्रगतीच म्हणायची. बाणेरकडची एक छोटी कंपनी, सहा जणांची. तिथे काम खरं होतं आणि भरपूर होतं. दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंट घेण्याची वेबसाइट होती, तिचे निम्मे फॉर्म मी बांधले. सकाळी कॉलेज, दुपारी बस, रात्री दहाला खोलीवर. पगार शून्य, बसचा पास माझा, जेवण माझं. "तुला एक्स्पोजर मिळतंय," असं साहेब म्हणायचे. माझं काम गिऱ्हाइकाला विकलं जात होतं, त्याचं बिल निघत होतं, हे मला महिनाभराने कळलं. ते कळल्यावर मला राग यायच्याऐवजी अभिमान वाटला, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. आपलं काम विकलं जातंय म्हणजे आपल्याला काहीतरी येतंय, असा माझा हिशेब. त्या वयात माणूस किती स्वस्तात खूष होतो पाहा.

आणि मग तिसरी गोष्ट. ही इंटर्नशिप नव्हती, ना तिला प्रमाणपत्र होतं. अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या गल्लीत एक छापखाना आहे. त्यांच्याकडे वीस वर्षांची पुस्तकं पेजमेकरच्या फायलींमध्ये, श्रीलिपी फॉन्टात पडून होती. ती सगळी युनिकोडमध्ये आणायची होती. संध्याकाळी सहा ते नऊ, महिना पाच हजार. मालकांना वाटलं होतं की पोरगा बसून हाताने टाइप करेल. मी म्हटलं, स्क्रिप्ट लिहितो.

जुन्या फॉन्टातून आलेल्या मजकुरात 'वर्षी'चं 'वषीर्' झालेलं तुम्ही नक्की पाहिलं असेल. ते का होतं? जुने फॉन्ट अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवतात. पहिली वेलांटी आधी दिसते म्हणून आधी, रफार शेवटी दिसतो म्हणून शेवटी. युनिकोडला उच्चाराचा क्रम हवा असतो. वेलांटी व्यंजनानंतर, रफाराचा र् व्यंजनाच्या आधी. ऐकायला सोपं वाटतं. पण रफार उचलून मागे न्यायचा तर किती मागे? काना-वेलांटी ओलांडून, जोडाक्षर असेल तर तेही अख्खं ओलांडून. माझी पहिली स्क्रिप्ट 'मूर्ती'चं 'मूतीर्' करत होती आणि मी ती झाली म्हणून मालकांना दाखवूनही टाकली होती.

छापखान्यात एक म्हातारे मुद्रितशोधक होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. कॉम्प्युटरला हातही न लावणारा माणूस. त्यांनी माझ्या स्क्रिप्टमधून निघालेली चाळीस पानं छापून मागितली आणि दुसऱ्या दिवशी परत दिली. लाल शाईने भरलेली. "अरे, तुझं यंत्र 'दुसऱ्या'तला अर्धा र ओळखत नाही. 'सुऱ्या' आणि 'सूर्या' यातला फरक तुला तरी कळतो ना?" मग मी ते दुरुस्त करायचो, पुन्हा पानं, पुन्हा लाल शाई. असं सोळा वेळा झालं. शेवटच्या गठ्ठ्यात पानागणिक एखादीच खूण उरली होती. प्रोग्रॅम तपासायचा म्हणजे काय, चुकांचे प्रकार वेगळे कसे काढायचे, एक दुरुस्ती केल्यावर आधीचं बिघडलं नाही ना हे कसं बघायचं, हे सगळं मला पायथॉनचं पा माहीत नसलेल्या माणसाने शिकवलं. वर महिन्याला पाच हजार रुपये पाकिटात घालून मिळाले.

आता गंमत ऐका. वर्षाच्या शेवटी कॉलेजात कागद जमा केले. विकतचं प्रमाणपत्र धरलं गेलं, पूर्ण गुण. बाणेरचं पत्र धरलं गेलं. छापखान्याचं पत्र परत आलं. शेरा: 'तंत्रज्ञान क्षेत्रातील आस्थापना नाही.'

हसू नका. कॉलेजची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. एआयसीटीईने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमापासून इंटर्नशिपवर जोर दिला, तिला क्रेडिट आले. कल्पना चांगली, त्यात वाद नाही. पण आमच्या विभागात साठ-साठ मुलांची जबाबदारी एकेका मॅडमकडे. त्या शिकवणार कधी, पेपर तपासणार कधी, आणि साठ कंपन्यांना फोन करून 'या मुलाने खरंच काय केलं' असं विचारणार कधी? त्या शिक्का बघतात. आणि शिक्क्याला गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर शिक्के विकणारे उगवणारच. मागणी कॉलेजने तयार केली, दुकान दुसऱ्याने थाटलं, आणि बिल मात्र बार्शी-लातूरकडचे आईबाप भरतात.

यासाठी आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे: उमेदवारी. मूळ फारसी 'उमेद', म्हणजे आशा. वकिलाकडे, सुताराकडे, छापखान्यात पोरं उमेदवारी करायची. त्या काळी सगळं छान होतं असं मी मुळीच म्हणणार नाही. पोरांना राबवून घेत, पाणी भरायला लावत. पुढे १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. त्या कायद्यात शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे असं स्पष्ट म्हटलं आहे आणि तरीही त्याला विद्यावेतन द्यावंच लागतं. २०१९ च्या दुरुस्तीत पदविकाधारकाला महिना किमान ८,००० आणि पदवीधराला ९,००० अशी रक्कम ठरवली गेली. म्हणजे 'शिकतोय ना, मग पैसे कशाला' हा युक्तिवाद आपल्याच कायद्याने कधीच मोडीत काढलाय. फक्त कॉलेजने नुसतं 'इंटर्नशिप' म्हणून पाठवलेला माझ्यासारखा मुलगा सहसा या चौकटीत येत नाही. २०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली, महिना पाच हजारांची. तिच्या पहिल्या फेरीच्या अटींत पूर्णवेळ शिकणारे विद्यार्थी बसतच नव्हते. शब्द बदलला की जबाबदारी गळून पडते, असा हा मामला.

अमेरिकेत 'ब्लॅक स्वान' या २०१० च्या सिनेमावर फुकट राबलेल्या मुलांनी २०११ मध्ये कंपनीवर दावा लावला. २०१३ मध्ये न्यायाधीशांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. २०१५ मध्ये वरच्या कोर्टाने तो बाजूला सारला आणि वेगळीच कसोटी सांगितली: या व्यवहारात मुख्य फायदा कुणाचा झाला, मुलाचा की कंपनीचा, ते बघा. ही कसोटी कंपन्यांच्या सोयीची आहे अशी टीका तिच्यावर झाली. चालेल, मला तीही पुरे. माझ्या वर्षाला लावून बघा. कॅल्क्युलेटर कुणी उघडला नाही, फॉर्मचे पैसे दुसऱ्याने घेतले, आणि माझा फायदा झाला तो फक्त तिथे, जिथे मला रोख पैसेही मिळाले. पैसे देणारा माणूस तुमच्या कामाकडे बघतो हो! त्याला बघावंच लागतं, त्याचे पैसे अडकलेले असतात.

"लहान कंपन्यांना परवडत नाही," असं एक मित्र मला नेहमी ऐकवतो. त्याची स्वतःची कंपनी आहे, तेव्हा त्याला माहीत असणार. पण मग त्यांना इंटर्न परवडत नाही, एवढंच त्याचं उत्तर. वीज परवडत नाही म्हणून कुणी शेजारच्या मीटरवर आकडा टाकत नाही. (टाकतात म्हणा. पण मग त्याला एक्स्पोजर म्हणत नाहीत.)

आता ती सात जणांची गोष्ट. पहिल्या कंपनीने मला जानेवारीत फोन केला. "तुम्ही आमचे उत्तम इंटर्न होता, आता मेंटर व्हा." तीस मुलांची तुकडी. वर, नवीन मुलं आणली तर डोक्यामागे दोनशे. मी हो म्हटलं. मेसचे पैसे थकले होते हे खरं, पण केवळ तेवढ्यासाठी नाही. 'मेंटर' हा शब्द मला आवडला होता.

अण्णांकडून आलेला ताजा उत्साह होता, म्हणून मी पहिल्या आठवड्यात मुलांचं काम खरंच वाचायला बसलो. एकाचा कोड नीट वाचून, चुका सांगून, पुन्हा बघायला चाळीस मिनिटं लागतात. तीस जणांचे झाले वीस तास, दर आठवड्याला. मी सहा जणांचं वाचलं आणि थांबलो. कंपनीच्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "वाचायचं कशाला? सबमिट झालं की हिरवी टिक द्यायची." आणि मी दिली. उरलेल्या चोवीस जणांना न वाचता टिक दिली. त्यात सोलापूरच्या डिप्लोमाची एक मुलगी होती, मीच आणलेल्या सातांपैकी. तिने तीनदा विचारलं, "दादा, माझं लॉगिनचं पान बरोबर आहे का? पासवर्ड तसाच साठवला तर चालतो का?" चालत नाही. अजिबात चालत नाही. मी तिला अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

महिनाभराने मी ते सोडलं. सातपैकी पाच जणांना माझे दोनशे परत दिले. फी काही मी परत देऊ शकत नव्हतो. एकाने घेतले नाहीत. सोलापूरच्या मुलीचा नंबर बदललाय, ती सापडली नाही. अजून शोधतोय.

त्यानंतर रविवारी छापखान्यात मी तीन मुलांचा कोड वाचतो. तीनच. चौथा आला तर त्याला पुढच्या महिन्यात बोलावतो. मालक चहा देतात, अण्णा मधूनच येऊन "तुमच्यात अजून 'मूतीर्' आहे का रे?" म्हणून टिंगल करतात. याला मेंटरिंग वगैरे म्हणायचं मी सोडून दिलंय.

गंमत म्हणजे हे सगळं आपल्याकडे कुणीतरी आधीच नीट मांडून ठेवलेलं आहे. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी पोरांना काम करत शिकायला लावलं, आणि त्यांच्याच नावाची 'कमवा आणि शिका' योजना आमच्या पुण्याच्या विद्यापीठात आहे. बागेत, ग्रंथालयात, कार्यालयात मुलं तासाच्या हिशेबाने पैसे घेऊन काम करतात. नावातला शब्दांचा क्रम बघा. तंत्रज्ञानाच्या नावाखाली आम्ही त्याचं 'भरा आणि मिरवा' करून टाकलं.

त्या ज्युनिअरला सकाळी उत्तर लिहिलं: "पैसे भरू नकोस. मालकांना विचारलंय, अजून पाचशे पुस्तकं बाकी आहेत. रोज तीन तास, महिना सहा हजार. रविवारी ये." त्याचं लगेच उत्तर आलं: "दादा, येतो. पण कॉलेज ते धरेल का?"

सोमवारी मॅडमची वेळ घेतली आहे. छापखान्याचं पत्र, स्क्रिप्टची छापील पानं आणि अण्णांच्या लाल खुणांचे सोळा गठ्ठे घेऊन जातोय. गठ्ठे जड आहेत, रिक्षा करावी लागेल.