पाकिटावर वाणाचे नाव हवेच

परतीचा पाऊस थांबला की रोपवाटिकांत घेवड्याचे बी मागणाऱ्यांची गर्दी सुरू होते. हातात पडते ते नुसते ‘फ्रेंच बीन्स’ लिहिलेले पाकीट. वाण कोणते, झुडपी की वेली, काहीच लिहिलेले नसते. असे पाकीट विकत घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. आंबा घेताना आपण हापूस की पायरी हे विचारतोच; बियांच्या बाबतीतही तेवढा चोखंदळपणा हवा.

कुंडीसाठी झुडपी वाणच घ्यावे. झाड फूट-दीड फुटावर थांबते, मांडव लागत नाही आणि पन्नासेक दिवसांत तोडा सुरू होतो. मात्र शेंगा थोड्याच दिवसांत एकदम येतात आणि झाड संपते. म्हणून सगळे बी एकाच दिवशी न टोकता पंधरवड्याच्या अंतराने थोडे थोडे टोकावे.

आता वाण. व्यापाऱ्याला वजन आणि वाहतुकीत टिकणारी शेंग हवी असते. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘अर्का कोमल’ त्या कसोटीला उतरते. शेंग सरळ, चपटी, दूरवर जाणारी. पण गच्चीतून ओट्यापर्यंतच जायचे असेल, तर टिकाऊपणापेक्षा कोवळेपणाला मान द्यावा. त्याच संस्थेचे ‘अर्का शरत’ गोल शेंगेचे आणि बिनशिरेचे आहे. शिरा काढण्याचे काम नाही, हा स्वयंपाक करणाऱ्या माणसाला मिळणारा मोठा दिलासा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातल्या ल रॉय गावी कॅल्विन कीनी यांनी चिकाटीने निवड करत बिनशिरेचे घेवडे घडवले. त्याआधी शिरा काढणे चुकत नसे.

थंडीच्या पेरणीसाठी माझी पहिली पसंती ‘कंटेंडर’ला. हे वाण अमेरिकेतल्या चार्ल्सटनचे, 1949 मधले. कोरडे दिवस आणि दवाच्या रात्री सुरू झाल्या की पानांवर भुरी चढते. ती हे वाण बऱ्यापैकी सोसते. शेंग किंचित वाकडी असते, पण चवीला उत्तम. जिथे तांबेऱ्याचा त्रास दरवर्षी होतो, तिथे मात्र ‘अर्का अनूप’ लावावे. तांबेरा आणि जिवाणूजन्य करपा, दोन्हींना ते दाद देत नाही. उन्हाळ्यात यातले कोणतेच वाण लावायचा अट्टहास नको. पारा तिशीच्या बराच वर गेला की फुले गळतात आणि कितीही पाणी घातले तरी शेंग धरत नाही.

घेवड्याचे परागीकरण फुलातल्या फुलात होते, त्यामुळे चांगल्या वाणाचे बी घरीच धरता येते. दोन निरोगी झाडे तोडणीतून वगळा, शेंगा झाडावरच वाळू द्या आणि बी डब्यात ठेवताना वाणाचे नाव व वर्ष लिहून चिठ्ठी घाला. पेरताना ते बी रात्रभर भिजवू मात्र नका. फुगून तडकते आणि मातीत कुजते. ओलसर मातीत बोटाच्या एका पेराएवढे खोल टोकले की पुरे.