घटाच्या मातीतून परसबागेकडे

घटस्थापनेच्या दिवशी घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरले जाते आणि दसऱ्यापर्यंत त्याचे हिरवे कोंभ चांगले वाढतात. घरातील लहानगी ते रोज कुतूहलाने न्याहाळतात. दसऱ्याला घट उठतात आणि ते कुतूहलही तेथेच विसावते. वास्तविक तेथून प्रारंभ व्हावयास हवा. परतीचा पाऊस ओसरून थंडीची चाहूल लागण्याचा हा काळ महाराष्ट्रात मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर यांच्या पेरणीस अत्यंत अनुकूल असतो.

जागेची सबब येथे टिकत नाही. वीतभर खोलीची कुंडी, माती, कुजलेले शेणखत आणि चार-पाच तासांचे ऊन एवढे भांडवल पालेभाजीस पुरते. मेथी तीन-चार दिवसांत उगवते व महिन्याभरात खुडता येते. मुळ्याला साधारण दीड महिना लागतो. धणे मात्र हलकेच रगडून, दुभंगून पेरले तरी उगवण्यास आठ-दहा दिवस घेतात. बालकाच्या धीराच्या या चढत्या इयत्ताच होत.

शाळांमध्ये असे उपक्रम होत नाहीत असे नाही. केंद्र शासनाने २०१९ मध्ये शालेय पोषण परसबागांसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. परंतु रोपांना पाण्याची निकड असते नेमकी तेव्हाच दिवाळीची सुट्टी लागते. छायाचित्र उरते, रोप उरत नाही. ही उणीव घरानेच भरून काढली पाहिजे. ताराबाई मोडक यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. शिक्षण मुलाच्या परिसरात न्यावे लागते, ही त्यामागील दृष्टी. आजच्या सदनिकेतील मुलाचा परिसर म्हणजे त्याची गॅलरी.

मात्र पालकांनी एक पथ्य पाळावे. पाणी घालण्यास मूल विसरले व रोपे सुकली, तर रात्रीतून गुपचूप नवी लावू नयेत. सुकलेली कुंडी जे शिकविते ते कोणताही उपदेश शिकवू शकत नाही. बी पुन्हा द्यावे, पेरणी मात्र त्याचीच असावी.

महिनाभर राबून जेमतेम एक जुडी हाती आली, की त्या मुलाला बाजारातल्या जुडीमागचे श्रम कळतात. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आईवडिलांकडे ते मग निराळ्या नजरेने पाहील. अन्नाविषयीची कृतज्ञता घरात रुजते ती अशी.