पन्नाशीची वाट पाहत गंजणाऱ्या गाड्या

‘पंधरा वर्षे झाली, पासिंग संपले, आता भंगारातच जाणार.’ लातूर-नांदेडकडे जुन्या गाडीचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येते. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली वडिलांच्या हौसेची गाडी उभी असते. टायरमधली हवा कधीच गेलेली असते आणि आत उंदरांनी संसार मांडलेला असतो. एक दिवस भंगारवाला येतो, वजनावर भाव ठरवतो आणि गाडी टेम्पोत चढते.

या वाक्यातले ‘भंगारातच जाणार’ हे कायद्याने खरे नाही. पण ते प्रत्यक्षात खरे ठरते, आणि त्याला आपल्या नियमांतली एक मोठी फट कारणीभूत आहे. या फटीत १९८० आणि ९० च्या दशकांतल्या भारतीय गाड्या एकेक करून नाहीशा होत आहेत.

नियम नेमका काय आहे?

मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते. त्यानंतर गाडी तपासणीत योग्य ठरली तर दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते. किती वेळा, यावर मर्यादा नाही. दिल्ली परिसरात डिझेलसाठी दहा आणि पेट्रोलसाठी पंधरा वर्षांची जी मर्यादा गाजली, ती न्यायालयीन आदेशांतून आली आणि त्या परिसरापुरती आहे. लातूरच्या ‘एमएच २४’ किंवा नांदेडच्या ‘एमएच २६’ गाडीला ती लागू नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राचे वाहन भंगार धोरण आले, तेही ऐच्छिक आहे. खासगी गाडी केवळ वयामुळे मोडीत काढा, असे ते म्हणत नाही.

मग अडते कुठे? अडते ते वर्षानुवर्षे शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीचे. नोंदणी वेळेत वाढवली नाही की महिन्यागणिक विलंब शुल्क चढत जाते. पर्यावरण कर वेगळा. शिवाय ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क दहा हजार रुपये झाले आहे, आयात केलेल्या मोटारीसाठी ऐंशी हजार. म्हणजे गाडीला एक स्पॅनर लावण्याआधीच मालकापुढे हिशेबाचा कागद येतो. भंगारवाला मात्र रोख देतो. कोण जिंकणार, हे वेगळे सांगायला नको.

पन्नास वर्षांची रेघ

जुन्या गाड्यांचा वारसा जपण्यासाठी केंद्राने १५ जुलै २०२१ रोजी वेगळे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ स्वरूपात जपलेली, सांगाडा, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘विंटेज’ मानली जाते. तिला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेली वेगळी नंबर प्लेट मिळते. नोंदणीचे शुल्क वीस हजार, वैधता दहा वर्षे, पुढच्या नोंदणीला पाच हजार. ही गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते.

नियम चांगला आहे. वापरावर बंधन आहे, म्हणून प्रदूषणाचा प्रश्नही आटोक्यात राहतो. चूक आहे ती फक्त आकड्यात. पन्नास वर्षांची अट संस्थानिकांच्या मोटारींना सोयीची आहे. त्या मोटारींना गॅरेज होते, चालक होते, पैसा होता. मध्यमवर्गीयाच्या हौसेच्या गाडीला पन्नाशी गाठणे जमत नाही. ती पंचविशीतच मोडीत निघते.

‘स्टॉर्म’चे उदाहरण घ्या

भारतात स्पोर्ट्स कार कधी बनलीच नाही, असा अनेकांचा समज आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन मोटर्सने ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनांची छोटी, उघड्या टपाची गाडी बनवली. बॉडी फायबरग्लासची, इंजिन रेनॉचे, ११४९ सीसीचे, ताकद सुमारे साठ अश्वशक्ती. आजच्या साध्या हॅचबॅकलाही तेवढी ताकद असते. पण गाडी हलकी होती आणि जमिनीलगत बसून ती चालवण्याची मजा त्या काळी आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या भारतीय गाडीत नव्हती. ती फार थोड्या संख्येने बनली आणि काळाच्या ओघात मागे पडली.

आता गणित करा. १९९८ मध्ये नोंदलेली स्टॉर्म ‘विंटेज’ व्हायला २०४८ उजाडेल. मुंबईच्या प्रीमियर कंपनीची १९८५ मधली ‘११८ एनई’ २०३५ मध्ये पात्र ठरेल. ज्या ‘पद्मिनी’ने मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ओळख मिळवली, तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून गेली. त्या टॅक्सीला निरोप देताना आपण हळहळलो, पण घराच्या शेडमधल्या पद्मिनीसाठी आपण काय केले?

जगात ही रेघ इतकी लांब नाही. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ तीस वर्षांच्या, मूळ रूपात जपलेल्या आणि रोजच्या वापरात नसलेल्या गाडीला ऐतिहासिक मानते. जर्मनीत तीस वर्षांनंतर ‘एच’ अक्षराची प्लेट मिळू शकते. ब्रिटनमध्ये चाळिशी ओलांडलेल्या गाडीला वाहनकरात सूट आहे. हे देश प्रदूषणाबाबत आपल्यापेक्षा ढिले नाहीत. वारसा म्हणून जपलेली गाडी वर्षाकाठी फार धावत नाही, एवढे त्यांनी ओळखले आहे.

शेडमधली गाडी उठवायची तर

नियम बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत गाडी जगवणे मालकाच्या हातात आहे.

पहिली गोष्ट कागदांची. आरसी, जुने विमापत्र, वारसाचे कागद एकत्र करा. लातूर जिल्हा १५ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून वेगळा झाला. त्यामुळे त्याआधीच्या गाडीची नोंद शोधताना लातूरबाहेर चौकशी करावी लागू शकते. चेसिस आणि इंजिनचे क्रमांक स्वच्छ करून त्यांचा पेन्सिलने ठसा घ्या. क्रमांक गंजून गेला तर सगळी मेहनत वाया जाते.

दुसरी गोष्ट, उत्साहाच्या भरात बॅटरी लावून सेल्फ मारू नका. अनेक वर्षे उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टन रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात. स्पार्क प्लग काढून आत थोडे तेल सोडा, दोन-तीन दिवस थांबा आणि मग इंजिन हाताने हळूच फिरवून पाहा. टाकीतले जुने पेट्रोल चिकट झालेले असते. ते काढून टाकी धुतल्याशिवाय कार्बोरेटरला हात लावण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट, गाडी चालू करण्याआधी थांबवण्याची सोय करा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात. होज पाइप, रबर सील, टायर हे दिसायला धड असले तरी बदला.

मराठवाड्याची कोरडी हवा इथे अर्धे काम करते. कोकणात पत्रा जितक्या लवकर सडतो, तितका तो आपल्याकडे सडत नाही. पण उन्हाळ्याचे ऊन रबर आणि वायरिंग पार वाळवून टाकते. फायबर बॉडीची गाडी असेल तर वरून गंज दिसणारच नाही. खालचा लोखंडी सांगाडा लिफ्टवर चढवून बघावा लागतो.

आणखी एक गोष्ट आपल्या उसाच्या पट्ट्याशी जोडलेली आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी ओढते आणि जुन्या पद्धतीचे रबर खराब करते. म्हणून इंधनाचे पाइप आणि गॅस्केट इथेनॉल सहन करणाऱ्या प्रकारचे बसवा, आणि टाकी महिनोन्‌महिने अर्धवट भरून ठेवू नका. ज्या मातीतल्या उसातून हे इंधन येते, तिथल्याच शेडमधल्या गाडीला त्यापासून सांभाळावे लागते, ही गंमतच म्हणायची.

हे श्रीमंतांचे चोचले नाहीत का?

हा प्रश्न रास्त आहे. दुष्काळ, विमा आणि सोयाबीनच्या भावाने गांजलेल्या भागात स्पोर्ट्स कारची चिंता कशाला?

उत्तर गाडीच्या मालकाकडे नाही, गॅरेजमधल्या मिस्त्रीकडे आहे. नवी गाडी बिघडली की कंपनीचा माणूस संगणक जोडतो आणि आख्खा भाग बदलतो. जुन्या गाडीचा भाग बाजारात मिळत नाही, तो बनवावा लागतो. लेथवर बुश फिरवणारा, पत्रा ठोकून मडगार्डचा मूळ बाक परत आणणारा, कार्बोरेटरचा आवाज ऐकून हवा-पेट्रोलचे प्रमाण जुळवणारा अशी माणसे आपल्या शहरांत अजून आहेत. पण बहुतेकांची दाढी पांढरी झाली आहे आणि मुले या धंद्यात यायला तयार नाहीत, कारण काम कमी होत चालले आहे.

जी जुनी गाडी भंगारात जाते, तिच्यासोबत चार कारागिरांचे काही महिन्यांचे काम जाते. आज हौशी मालक गाडी ट्रकवर चढवून पुण्याला किंवा हैदराबादला पाठवतो. तोच पैसा लातूरच्या एमआयडीसीत किंवा नांदेडच्या गॅरेजमध्ये का राहू नये? आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक, टर्नर, वेल्डर हे अभ्यासक्रम आधीच आहेत. नांदेडच्या विष्णुपुरीत आणि लातुरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. एका जुन्या गाडीवर विद्यार्थी आणि मिस्त्री एकत्र बसले, तर दोघांनाही शिकण्यासारखे खूप आहे.

मागणी फार मोठी नाही

तीन गोष्टी झाल्या तरी पुरे. पहिली, विंटेजच्या नियमातच तीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी एक वर्ग करावा आणि वापराची तीच बंधने ठेवावीत. दुसरी, चेसिस व इंजिन क्रमांक जुळणाऱ्या आणि मालकी निर्विवाद असलेल्या बंद गाड्यांना थकलेल्या विलंब शुल्कातून एकदाच सवलत द्यावी. जुन्या कागदांवर चोरीची गाडी खपवण्याचा धोका आहेच, म्हणून क्रमांकांची तपासणी कडक असावी. तिसरी, भंगार धोरणात अशा गाड्यांना वेगळे ठेवावे. सुरक्षेसाठी ब्रेक, दिवे आणि स्टीअरिंग जरूर तपासावे, पण पुन्हा चाचणीत नापास झाली म्हणून वारशाची गाडी थेट ‘आयुर्मान संपलेली’ ठरू नये.

सरकारच्या तिजोरीला यात खड्डा पडत नाही. उलट, आज ज्या गाडीतून एक रुपयाही येत नाही, तिच्यातून शुल्क येईल आणि विमाही होईल.

तुमच्या घरामागे अशी एखादी गाडी असेल, तर या रविवारी ताडपत्री उचला. दुरुस्ती लगेच करायलाच हवी असे नाही. चेसिस क्रमांक टिपून ठेवा, कागद शोधा, चाकांखाली विटा लावा, उंदरांची वाट बंद करा. एवढ्याने गाडी आणखी दहा वर्षे थांबू शकते. भंगारात एकदा गेलेल्या गाडीसाठी मात्र उद्या बदललेला नियमही काही करू शकणार नाही.