गणकयंत्र सजले, पण हिशेब चुकला!

‘‘काकू, मी हा अभ्यासक्रमच सोडून देते. मला नाही जमणार.’’

परवा रात्री दहा वाजता पुतणी लॅपटॉप घेऊन दारात उभी होती. डोळे रडून लाल झालेले. कॉलेजचे पहिलेच वर्ष. पायथन भाषेत साधे गणकयंत्र बनवून सकाळी बाईंना दाखवायचे होते आणि तिचे यंत्र १२ अधिक ८ म्हणजे १२८ सांगत होते!

मी पडद्याकडे पाहिले. आकाशी पार्श्वभूमी, गुलाबी बटणे, वळणदार अक्षरे. ‘‘याला किती वेळ लागला?’’

‘‘चार तास. त्यातले तीन रंग निवडण्यात गेले,’’ ती ओशाळून म्हणाली.

नवशिक्यांचे असेच होते. भिंती उभ्या राहण्याआधी पडदे शिवायला घेतात. सजावट वाईट नाही, पण ती उपयोगी हवी. आकड्यांची बटणे एका रंगाची, बेरीज-वजाबाकीची दुसऱ्या रंगाची, ‘बरोबर’चे बटण उठून दिसणारे. उत्तर ठळक, साध्या अक्षरात आणि उजवीकडे. आजीला सहज वाचता आले की पुरे.

आता चुकीकडे वळू. चौकटीत टाइप केलेला मजकूर संगणकाला अक्षरे म्हणून मिळतो, संख्या म्हणून नव्हे. अक्षरांमध्ये अधिक चिन्ह आले की तो ती शेजारीशेजारी जोडतो. म्हणून १२ला ८ चिकटला. मजकुराचे आधी संख्येत रूपांतर केले आणि उत्तर २० आले.

पुतणीला हुरूप आला. दहा बटणे वेगवेगळी लिहिण्याऐवजी तिने ती एका लूपमध्ये घेतली, म्हणजे रंग एकाच जागी बदलता येईल. कल्पना उत्तम. पण आता कोणतेही बटण दाबा, उमटे ९च!

‘‘बघितलंस? मी हात लावला की बिघडतंच.’’

मी तिला पतंगाची गोष्ट सांगितली. १९४७ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू संगणकात खरोखरच एक पतंग अडकला होता. तिथल्या जाणकारांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. चुका त्यांच्याही यंत्रात होत्या. त्या लपवायच्या नसतात, लिहून ठेवायच्या असतात.

मग कारण शोधले. आपण बटण दाबतो तेव्हा लूप केव्हाच संपलेला असतो आणि त्यात शेवटचा आकडा, म्हणजे ९, उरलेला असतो. प्रत्येक बटणाला त्याचा आकडा ते बनवतानाच बांधून दिला आणि दहाही बटणे शहाण्यासारखी वागू लागली.

नंतर ५ भागिले ० करून पाहिले. खिडकी मख्ख! मात्र मागच्या खिडकीत इंग्रजीत लांबलचक तक्रार आली होती. अशा वेळी घाबरू नका, आधी शेवटची ओळ वाचा. शून्याने भागल्याचे तिथे स्पष्ट लिहिलेले होते.

शेवटी ०.१ अधिक ०.२. उत्तर ०.३०००००००००००००००४! ही चूक तिची नव्हती. संगणक ० आणि १ एवढ्याच अंकांत संख्या साठवतो आणि ०.१ त्यात नेमका बसत नाही, जसा एक तृतीयांश आपल्या दशांशात बसत नाही. उत्तर ठरावीक दशांश स्थळांपर्यंतच दाखवायचे. रुपयांचा हिशेब असेल तर सगळे पैशांत मांडायचे, म्हणजे अपूर्णांकच उरत नाही.

तुम्हीही असे काही शिकत असाल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. उत्तर आधीच ठाऊक असलेली दहा गणिते कागदावर लिहून ठेवा. एका वेळी एकच बदल करा. प्रत्येक बदलानंतर ती दहाही गणिते पुन्हा करून पाहा. रंगरंगोटी त्यानंतर.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुतणी हसतच आली. बाईंनी बसल्याबसल्या पहिलेच गणित घातले होते, ५ भागिले ०. पडद्यावर उमटले, ‘शून्याने भागता येत नाही.’

अभ्यासक्रम सोडण्याचा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही.