भिंतीवर एक जागा

विषय डोक्यात महिनाभर घोळत होता, आज हात लागला.

झालं असं, की दसरा चौकाजवळ एका ऑफिसात दाखल्यासाठी गेले होते. साहेब जेवायला गेलेले. बाहेर पाऊस धरलेला. मग वेळ घालवायला म्हणून शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात शिरले. खोटं कशाला सांगू, चित्रं बघायला नाही, जरा टेकायला.

आत आपल्याच भागातल्या आठ-दहा चित्रकारांचं एकत्र प्रदर्शन होतं. कोणी ड्रॉइंगचे शिक्षक, कोणी बँकेतून निवृत्त झालेले, दोघी गृहिणी, बाकी तरुण मुलं. निम्मी भिंत आपल्या ओळखीची. रंकाळा, पंचगंगेचा घाट, पन्हाळ्याची तटबंदी, जोतिबाचा गुलाल. जलरंगातली कामं स्वच्छ, बघताना बरं वाटावं अशी. चार माणसं तिथेच घोटाळत होती.

पलीकडच्या भिंतीपाशी मात्र कोणी थांबत नव्हतं. तिथे 'मिक्स मीडिया' अशी पट्टी लावलेली. म्हणजे एकाच चित्रात रंग, कापड, कागद, माती, जे हाताला येईल ते. एका मोठ्या चौकटीत गुळाच्या रव्याला गुंडाळतात ते किलतान ताणून बसवलं होतं. त्यावर काळी वाळू चिकटवलेली, मधेच विटक्या लुगड्याचे तुकडे आणि त्यावर जाड धाग्याचे टाके. माझ्या शेजारचे एक गृहस्थ किंमत वाचून म्हणाले, "पोत्याचे अकरा हजार? आमची नातवंडंपण करतील हे." मीही हसले. कबूल करते.

तेवढ्यात मागून आवाज आला, "ओळखलासा काय, बाई?"

मी नव्हतं ओळखलं. पन्नाशीकडे आलेला माणूस, कानाजवळ केस पांढरे. त्याने वर्गाचं वर्ष सांगितलं, बाकाची जागा सांगितली, तेव्हा आठवला. ते किलतानाचं चित्र त्याचंच होतं. मघाचं हसू गिळता गिळता मला घाम फुटला.

मी विचारलं, हे काय रे केलंस? तो म्हणाला, "बाई, ही काळी वाळू आमच्या फौंड्रीतली. साच्यातनं निघालेली. टाकूनच देत्यात. आणि हे तुकडे आईच्या वाकळेचे. ती गेली, वाकळ फाटली, टाकवंना." एवढंच. पुढे काही बोलला नाही.

मग मी पुन्हा चित्राकडे पाहिलं. आणि टाके दिसले. आमच्या आईने घातलेले असायचे तसेच, एका दिशेने चालत गेलेले, कडेला वळलेले. जुनेर, धोतराचं पान, पोरांची झबली एकावर एक घालून बाया वाकळ शिवायच्या, तेव्हा रंगाला रंग लावून बघायच्याच की! त्याला कोणी मिक्स मीडिया म्हणत नव्हतं इतकंच. आपल्या चंद्रकांत मांढऱ्यांनीही पावडर शेडिंगमध्ये चित्रं केली. राजारामपुरीतलं आपलं घर आणि चित्रं त्यांनी सरकारला दिली, तिथे संग्रहालय आहे. ब्रश आणि रंगाच्या डबीबाहेर जाणं कोल्हापूरला काही नवीन नाही.

हा मुलगा आधी दुकानांचे बोर्ड रंगवायचा. अक्षर सुंदर. "फ्लेक्स आल्यापास्नं ते काम गेलं," म्हणाला. आता दिवसा शिरोलीला फौंड्रीत आणि रात्री जेवणं झाल्यावर हे. या एका चित्राला आठ महिने रात्री दिल्या होत्या. फ्रेमचा खर्च, हॉलच्या भाड्यातला वाटा, पत्रिका, टेंपो हे सगळं पदरचं. अकरा हजारातून ते वजा केलं तर रात्रीचा काय हिशेब निघतो, तो तुम्हीच मांडा. लग्नात एका संध्याकाळच्या फुलांच्या कमानीला आपण याहून जास्त देतो आणि दुसऱ्या दिवशी ती फुलं घंटागाडीत टाकतो. तिथे आपण विचारत नाही, की एवढे कशाचे.

जाता जाता तो हसत म्हणाला, "बाई, माझी चित्राची वही तुम्हीच काढून घेतली होती." तक्रार नव्हती त्यात, गंमत म्हणून म्हणाला. पण मला ते रात्रभर लागून राहिलं. काढून घेतली असणारच. इतिहासाच्या तासाला चित्रं काढणाऱ्या कितीतरी मुलांच्या वह्या मी घेतल्या. त्याहून वाईट म्हणजे परीक्षा जवळ आल्या, की चित्रकलेचा तास मी हक्काने मागून घ्यायची. "तुमचं काय, चित्रंच तर आहेत," असं ड्रॉइंगच्या सरांना म्हटल्याचंही आठवतं. ते बिचारे खडू ठेवून निघून जायचे. वर्गाला त्यातून काय कळायचं? हेच, की हा विषय कुणीही उचलून न्यावा असा आहे.

अजूनही फार फरक पडलेला नाही. मुलं एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसतात, पण घरात चर्चा असते ती दहावीला वाढीव गुण किती मिळणार याची. गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर. तीच मुलं मोठी होऊन नव्या फ्लॅटला भिंतीच्या रंगाशी जुळणारं छापील चित्र आणतात, सोफ्याच्या मापाचं. त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. आम्हीच शिकवलं ते.

आपण कोल्हापूरला कौतुकाने कलापूर म्हणतो. भाषणात आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर ही नावं आल्याशिवाय राहत नाहीत. बाबूराव म्हणजे नाटकाचे पडदे रंगवता रंगवता स्वतः कॅमेरा तयार करून 1920 साली 'सैरंध्री' काढणारा माणूस. पण आबालालांची गोष्ट आपण अर्धीच सांगतो. मुंबईला जे. जे. मध्ये शिकून हा माणूस कोल्हापुरात परत आला, शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला, कोटितीर्थाच्या काठी बसून त्यांनी चित्रं केली. 1922 मध्ये महाराज गेले, आणि त्या दुःखात आबालालांनी आपली असंख्य चित्रं कोटितीर्थात बुडवली, असं सांगतात. आपण ही गोष्ट 'केवढी ती निष्ठा' म्हणून सांगतो. मला आता ती ऐकताना वेगळंच वाटतं. एक जाणकार माणूस गेला, तर उरलेल्या सबंध गावात ती चित्रं ठेवावी असं एकही घर त्यांना दिसू नये?

आता महाराज नाहीत, दरबार नाही. आश्रय द्यायचा तर तो तुम्ही-आम्हीच. आणि आश्रय म्हणजे उपकार नव्हे, हेही सांगते. त्या दालनातली सगळीच चित्रं चांगली होती असं मी म्हणणार नाही. रंकाळ्याचा सूर्यास्त मी एकाच फेरीत पाच वेळा पाहिला. त्यातल्या एका चित्रकाराला विचारलंही, की सगळे हेच का काढता? तो म्हणाला, "हेच तेवढं विकलं जातं, काकू." म्हणजे पुन्हा बोट आपल्याकडेच. आपण ओळखीचंच मागतो, मग ते ओळखीचंच देतात, आणि आपण म्हणतो, नवीन काही होत नाही.

मला ठाऊक आहे, तुम्ही काय म्हणाल. सुनीता तर फोनवर म्हणालीच, "मावशी, पेन्शनवर कसली चित्रं घेतेस? आणि आमच्या दोन खोल्यांत भिंत आहे कुठे?" अगदी बरोबर. सगळ्यांना जमणार नाही. पण बघायला जायला पैसे पडत नाहीत. हिवाळ्यात टाऊन हॉलच्या बागेत रंगबहारची 'मैफल रंगसुरांची' होते, कलाकार समोर बसून चित्रं करतात, शिल्पं करतात, गाणं चालू असतं. तिथे नातवंडांना घेऊन जायला काय हरकत आहे? प्रदर्शनात गेलात तर अभिप्रायाच्या वहीत नुसतं 'अप्रतिम' लिहून पळू नका. मी ती वही चाळली. पानंच्या पानं 'अप्रतिम', 'छान', 'पुढील वाटचालीस शुभेच्छा'. परीक्षेचे पेपर असे तपासले असते तर मला नोकरीवरून काढलं असतं! चित्रकार तिथेच उभा असतो. त्याला विचारा, हे असं का केलं? नाही आवडलं तर तेही सांगा. आठ महिने रात्री जागणाऱ्याला शुभेच्छांपेक्षा एक खरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो, असं मला त्या मुलाच्या चेहऱ्यावरून वाटलं.

आणि जे अजून नोकरीत आहेत त्या शिक्षकांना हात जोडून सांगते, चित्रकलेचा तास मागून घेऊ नका.

किलतानाचं मोठं चित्र मला परवडण्यातलं नव्हतं. त्याच्याकडे वहीच्या पानाएवढं एक लहान होतं, तीच वाळू, तसाच लुगड्याचा तुकडा. ते घेतलं. तो पैसे कमी करायला लागला, मी करू दिले नाहीत. ह्यांनी घरी आल्यावर चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "सरळ कुठली बाजू?" तेव्हापासून ते जेवणाच्या टेबलासमोर, कॅलेंडर काढून त्याच्या जागी लावलंय. आता तारीख बघायला स्वयंपाकघरात जावं लागतं, त्यावरून रोज कुरकुर चालू आहे.

दाखला अजून मिळालेला नाही. परत त्या बाजूला जायचंच आहे.