सावली कमी करणारा मुलगा

मे महिन्याच्या दुपारी आमच्या देवणीत माणूस सावली शोधत फिरतो. म्हणूनच पुतण्याने दिलेल्या उत्तराने मी चमकलो. तो संगणकासमोर पाठमोरा बसला होता. पडद्यावर नेहमीचा खेळ नव्हता. नुसत्या इंग्रजी शब्दांच्या, बरोबरीच्या चिन्हांच्या आणि आकड्यांच्या ओळीच ओळी होत्या.

‘‘काय करायलास रे?’’

‘‘काही नाही काका, सावली कमी करायलोय.’’

घरात वातावरण तापलेले होते. पोरगा अकरावी संपवून बारावीत चाललेला. आमच्या जिल्ह्यात या वर्षाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ‘लातूर पॅटर्न’ची कीर्ती साऱ्या महाराष्ट्रात आहे आणि तिचे ओझेही आमच्याच घराघरांत आहे. अभ्यासासाठी म्हणून घेतलेला जुना संगणक पोरगा खेळासाठी वापरतो, तेव्हा तो विकून टाकावा, असे थोरल्या भावाने ठरवले होते. मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, म्हणून त्याची समजूत घालायचे काम माझ्याकडे आले होते. समजूत घालण्याआधी समजून घ्यावे म्हणून खुर्ची ओढून बसलो.

खेळाचे नाव ‘स्कायरिम’. २०११ साली आलेला. डोंगर, बर्फ, जंगले, वाडे असे अफाट जग त्यात उभे केलेले. आमचा संगणक पडला अशक्त. त्याच्यावर हे जग अडखळत चाले. खेळाच्या यादीत ‘उच्च’, ‘मध्यम’, ‘कमी’ असे मोजके पर्याय दिलेले असतात. पण त्या पर्यायांमागे एक साधी मजकुराची फाइल असते. खेळ सुरू होताना संगणक ती वाचतो आणि त्यानुसार चित्र रंगवतो. ती कोणालाही उघडता येते, बदलता येते.

पोराने मला हिशेब करून दाखवला. सावली म्हणजे संगणकाच्या लेखी ठिपक्यांचा एक चौकोन. त्याची बाजू २०४८ ठिपक्यांची असेल, तर एकूण ठिपके होतात ४१,९४,३०४. बाजू निम्मी, म्हणजे १०२४ केली, की ठिपके उरतात १०,४८,५७६, चौथा हिस्सा. सावलीची कड थोडी खडबडीत होते, पण संगणकाचा भार हलका होतो. दर सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर एका चित्राला साधारण साडेसोळा सहस्रांश सेकंद मिळतो. त्यात सावल्या, पाणी, दूरची झाडे सगळे बसवायचे. एकीकडे काटकसर केली, तर दुसरीकडे खर्च करता येतो. त्याने सावलीवर वाचवले आणि दूरच्या डोंगरांवर खर्चले. कोरडवाहू शेतकऱ्याच्या नातवाला हे गणित कोणी वेगळे शिकवायला नको होते.

ही विद्या नवी नाही. १९९०च्या दशकात ज्यांच्या घरी संगणक आले, त्यांना ‘कॉन्फिग.सिस’ आणि ‘ऑटोएक्झेक.बॅट’ या दोन फायली आठवत असतील. त्या वेळच्या ६४० किलोबाइटच्या मर्यादेत खेळ मावावा म्हणून पोरे त्यांतल्या ओळी खालीवर करीत. १९९६ साली आलेल्या ‘क्वेक’ या खेळाच्या मांडण्याही अशाच साध्या मजकुरात होत्या. तो खेळ करणाऱ्या ‘इड सॉफ्टवेअर’ने डिसेंबर १९९७ मध्ये ‘डूम’ या आपल्या आधीच्या खेळाची मूळ संगणकीय लिखावटच जगासाठी खुली केली. खेळणाऱ्याने खेळाच्या आत डोकवावे, यात गैर काही नाही, असे मानणारीही माणसे त्या धंद्यात होती आणि आहेत.

मग पोराने आपली फजिती सांगितली. फाइलीत एक ओळ खेळाची गती पडद्याच्या गतीशी बांधून ठेवते. ती त्याने सोडवली. बाहेरच्या डोंगरदऱ्यांत अडखळणारा खेळ बंद खोलीत भरधाव सुटला आणि टेबलावरची भांडीकुंडी आपोआप उडू लागली! कारण त्या खेळातले पडण्या-आदळण्याचे गणित सेकंदाला ६० चित्रे धरून बेतलेले आहे. ‘‘एक ओळ दुसरीला धरून असती, काका,’’ तो म्हणाला. कार्यकारणभावाचा इतका सरळ धडा मी कधी दिल्याचे मला आठवत नाही.

पण मला जिंकले ते त्याच्या वहीने. तारीख, कोणती ओळ, जुना आकडा, नवा आकडा, परिणाम, असे रकाने. बदल एका वेळी एकच. मूळ फाइलीची प्रत आधी बाजूला काढून ठेवलेली. ‘काहीच फरक नाही’ हा निकालसुद्धा प्रामाणिकपणे नोंदवलेला. मी आयुष्यभर प्रयोगवह्या तपासल्या. त्यांतल्या कितीतरी एकमेकांच्या पाहून उतरवलेल्या असत, प्रयोग न करताच निकाल बरोबर आलेले असत. मला ते कळत असे, आणि मी सही करीत असे. त्या दुपारी ती वही हातात धरून बसलो असताना मला स्वतःची लाज वाटली.

आमचे गाव ज्या देवणी गोवंशामुळे ओळखले जाते, तो तरी कसा घडला? गीर, डांगी आणि इथल्या गावठी जनावरांच्या संकरातून, पिढ्यान्‌पिढ्या वळू निवडत, वासरे न्याहाळत. वही नसेल, पण डोळ्यांत नोंद होती.

थोरल्या भावाची काळजी खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. चित्र सुधारण्याच्या नादात चार तास जातात आणि त्यानंतर खेळायला आणखी चार. बारावीचे वर्ष परत येत नाही. शिवाय इंटरनेटवर इतरांशी खेळायच्या खेळांत अशी ढवळाढवळ म्हणजे लबाडी ठरू शकते. तिथे हात आवरलाच पाहिजे. तरीही पालकांना माझी विनंती आहे : संगणक बंद करण्याआधी एकदा शेजारी बसा. मुलगा नुसता खेळतो आहे की खेळ उघडून पाहतो आहे, हे विचारा. पाहत असेल तर त्याच्याकडे वही मागा. नसेल तर एक कोरी वही द्या.

आमच्या घरी तडजोड झाली. संगणक विकला नाही. परीक्षेपर्यंत तो माझ्या खोलीत राहील आणि रविवारी दोन तास उघडेल. भावाने ही अट मान्य केली, पण त्याने आणखी एक अट घातली. त्या दोन तासांत मीही तिथे बसायचे.

मी बसतो. मागच्या रविवारी पाण्यावरचे प्रतिबिंब चालले होते. आकडा मी सुचवला. तो चुकला, आणि वहीत तसाच लिहिला गेला.