अंतर कोसांचें कीं तासांचें?

आमच्या डहाणूंत हल्लीं घर असें विरळाच, कीं ज्यांतील एखादें मूल वा नातवंड परदेशीं नाहीं. “लंडन येथून किती लांब?” असें आजीबाईंनीं विचारलें, कीं एक जण किलोमीटर सांगतो, दुसरा तास सांगतो, आणि दोन्ही उत्तरें बहुधा अपुरीं असतात. यास्तव या महिन्यांत त्याच प्रश्नाचा विचार करूं.

मुंबई ते लंडन हें सरळ अंतर सुमारें 7,200 किलोमीटर आहे. मात्र भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेघ म्हणजे सरळ मार्ग नव्हे. ती रेघ इराकवरून जाईल. परंतु पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरल्यास तो अधिक उत्तरेकडून, काकेशस पर्वताच्या बाजूनें जातो, व तोच खरा जवळचा मार्ग होय. गोलाचा अल्प भाग पाहणारास सपाट भासतो, हें भास्कराचार्यांनीं 1150 सालच्या ‘सिद्धांतशिरोमणी’ ग्रंथांत सांगून ठेवलेंच आहे. वाटेंतील एखाद्या देशाचें आकाश युद्धामुळें बंद झालें, म्हणजे विमानास वळसा पडतो तो वेगळाच.

8 जून 1948 रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान 35 उतारू घेऊन मुंबईहून निघालें, तें कैरो व जिनीव्हा येथें थांबून लंडनास पोहोंचलें. आज मध्यें न थांबतां जातांना सुमारें 10 व येतांना सुमारें 9 तास लागतात. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगानें वाहणारा वारा येणाऱ्या विमानास साह्य करतो, व जाणाऱ्यास अडवितो.

तिकिटावरील वेळांची नुसती वजाबाकी मात्र करूं नये. हिंवाळ्यांत लंडनहून रात्रीं 9 वाजतां निघालेलें विमान मुंबईस दुसरे दिवशीं सकाळीं 11॥ वाजतां उतरलें, तर वजाबाकी साडेचौदा तास येते. त्यांतून दोन्ही गांवांच्या घड्याळांतील साडेपांच तासांचा फरक वगळला, कीं खरे 9 तास उरतात. उन्हाळ्यांत हा फरक साडेचार तासांचा असतो.

तथापि प्रवास विमानांतच संपत नाहीं. घरून विमानतळापर्यंत दोन तास, तेथें आधीं जाऊन थांबणें तीन तास, मुंबईस उतरल्यावर तपासणी व सामान यांत दीड तास, आणि पुढें डहाणूपर्यंत तीन तास, हे मिळविले म्हणजे साडेअठरा तास होतात. तिकीट मिळण्यास लागणारा वेळ याहून निराळा. म्हणजे आकाशांतील 7,200 किलोमीटरांपेक्षां जमिनीवरील खटपटीसच अधिक वेळ जातो!

हा हिशेब केवळ कुतूहलाचा नव्हे. घरांतील वडील माणूस अत्यवस्थ झालें, कीं “मुलगा नऊ तासांत येईल” या समजुतीवर पुढचे बेत आंखले जातात, आणि मग ताटकळलेल्या आप्तांत शब्दास शब्द लागतो. मुलासाठीं थांबावयाचें कीं घरांतील दुसऱ्या अधिकारी व्यक्तीनें अंत्यविधि उरकावयाचा, हें वडिलांनीं स्वतःच, प्रकृति धड असतांना, सर्वांसमक्ष सांगून ठेवावें. विषय अशुभ वाटेल खरा. पण तेवढें बोलणें झालेलें असलें, तर उशिरां पोहोंचलेल्या मुलास जन्मभर अपराधी वाटून घ्यावें लागणार नाहीं.